ब्लॅक विडो कोळी ओळखायचा कसा? बडोदेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस ओसरला की माझ्या फोनवर कोळ्यांची वर्दळ सुरू होते. दांडिया बाजारातल्या वाड्याचा जिना, कारेलीबागेतलं बाथरूम, मकरपुऱ्याच्या कारखान्यातली स्टोअररूम, करजणकडचं कपाशीचं शेत, कुठून कुठून फोटो येतात आणि खाली एकच ओळ असते: "सर, हा तोच का?" तो म्हणजे ब्लॅक विडो. शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात जन्म गेला, आता निवृत्त आहे, पण लोक अजून मला वर्गातच उभा समजतात. तीच ती उत्तरं टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतो.

आपल्या बडोद्यात ब्लॅक विडो आहे का?

आधी नावाचा घोळ सोडवू. विडो हे एका कोळ्याचं नाव नाही, घराण्याचं आहे. शास्त्रात या घराण्याला लॅट्रोडेक्टस म्हणतात आणि जगभरात त्याच्या तीसहून जास्त जाती आहेत. मोबाइलवर शोधलं की जी तुकतुकीत काळी, पोटावर लालभडक खूण असलेली मादी दिसते ती बहुतेक वेळा उत्तर अमेरिकेतली असते. तिथे दक्षिणेकडे मॅक्टन्स, पश्चिमेकडे हेस्पेरस आणि उत्तरेकडे व्हॅरिओलस अशा तिघी नांदतात. या तिघी आपल्याकडच्या नाहीत.

त्यांचं गोत मात्र आपल्याकडे आहे. २००१ साली आपल्याच बडोदा जिल्ह्यातल्या कपाशीच्या शेतात या घराण्यातला कोळी सापडल्याची नोंद ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात आली. त्या वेळी त्याला हॅसेल्टीचा भारतीय प्रकार म्हटलं होतं. हॅसेल्टी म्हणजे ऑस्ट्रेलियात ज्याला रेडबॅक म्हणतात तो. याशिवाय श्रीलंकेतून १९९१ मध्ये पहिल्यांदा वर्णन झालेली एरिथ्रोमेलस ही जात भारतातही आहे. तपकिरी विडो, म्हणजे जिओमेट्रिकस, हिची भारतातली पहिली नोंद २००७ ची. बडोद्याच्या नोंदीच्या शीर्षकातच ‘क्वचित दर्शन’ अशा अर्थाचे शब्द होते, हेही लक्षात ठेवा. घर विकायला काढू नका. कपाशीत किंवा विटांच्या ढिगात हात घालताना मात्र आधी डोळे घाला.

घरात भिंतीवर काळा कोळी पळताना दिसला. तोच असेल का?

नसेल. विडोची मादी पळापळ करत नाही, जाळं सोडून भटकत नाही, उजेडातल्या भिंतीवर तर मुळीच येत नाही. जो धावतो, उड्या मारतो किंवा तुमच्याकडे टकामका बघतो, तो दुसरा कोणीतरी.

पोटावरची ती खूण नेमकी कशी असते?

इंग्रजीत तिला वाळूच्या घड्याळाची उपमा देतात. आपल्याला इतकं लांब जायला नको, डमरू म्हणा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवलेले, मध्ये कंबर. ही खूण पोटाच्या खालच्या बाजूला असते, पाठीवर नाही. इथेच निम्मे लोक चुकतात. पाठीचा फोटो पाठवतात आणि विचारतात, खूण दिसत नाही, म्हणजे सुरक्षित ना?

गंमत अशी की ही मादी जाळ्यात कायम उलटी लटकते. पाठ जमिनीकडे, पोट आभाळाकडे. त्यामुळे तुम्ही वरून वाकून पाहिलंत तर डमरू समोरच येतो. खालून पाहिलंत तर पाठ दिसते. जमिनीवर पडलेला किंवा डबीत धरलेला कोळी पाहणाऱ्याचं गणित बरोबर उलटं होतं.

डमरू सगळ्यांचा सारखा नसतो. मॅक्टन्सचा सहसा पूर्ण, कंबर जुळलेली. व्हॅरिओलसचा मधोमध तुटलेला, म्हणजे दोन वेगळे त्रिकोण किंवा दोन ठिपके, आणि पाठीवर लाल ठिपक्यांची एक रांग. हेस्पेरसचा बहुधा पूर्ण असतो, पण त्यातही कोणाचा बारीक, कोणाचा बेढब. फ्लोरिडातल्या बिशपीचे पाय आणि पुढचा भाग तांबडा असतो, काळं फक्त पोट, आणि तिच्या पोटाखाली कधी कधी धड डमरूही नसतो. भूमध्य समुद्राकडची ट्रेडेसिमगुट्टाटस नावाप्रमाणे पाठीवर तेरा ठिपके मिरवते. पश्चिम आशियातल्या वाळवंटांत पॅलिडस नावाची आहे, ती तर फिकट, पांढुरकी. काळी नसलेली ब्लॅक विडो! म्हणून लाल डमरू दिसला तर सावध व्हायचं, पण नाही दिसला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही.

आणि रेडबॅकच्या धाटणीचे जे कोळी आपल्याकडे आहेत त्यांच्या पाठीवर लाल-नारिंगी पट्टाही असतो. तेव्हा आपल्या भागात पाठ आणि पोट दोन्ही बघावं लागतं.

लहान असताना वेगळा आणि मोठा झाल्यावर वेगळा दिसतो म्हणतात. एकाच जातीचं पिल्लू इतकं वेगळं कसं?

हा माझा आवडता प्रश्न, त्यामुळे उत्तर लांबणार.

कोळी आपल्यासारखा हळूहळू वाढत नाही. त्याचं कातडं ताणत नाही (पोट सोडून), म्हणून वाढायचं तर कात टाकायची. विडोची मादी मोठी होईपर्यंत साधारण सहा ते नऊ वेळा कात टाकते आणि प्रत्येक वेळी जुन्या अंगरख्यातून निघते ती थोडी वेगळ्या नक्षीची होऊन. एकच मुलगी शाळेच्या गणवेशात, मग कॉलेजात, मग लग्नातल्या शालूत पाहिली तर ओळखायला वेळ लागतो ना, तसं.

अंडपिशवीतून बाहेर पडलेली पिल्लं फिकट, जवळजवळ पांढुरकी असतात, टाचणीच्या डोक्याएवढी. पुढच्या काही कातींमध्ये पोटावर पट्टे येतात: मधून एक उभा फिका पट्टा, दोन्ही बाजूंना तिरप्या पांढऱ्या किंवा पिवळसर रेघा, रेघांच्या पोटात कुठे कुठे नारिंगी. पायांवर फिक्या-गडद कड्या. पोटाखालचा डमरू या वयात असतोच, पण तो लाल नसतो. पांढरट, पिवळसर किंवा फिकट नारिंगी असतो. या अवस्थेतला फोटो दाखवला तर दहातले नऊ जण म्हणतील, छे, हा तर बागेतला साधा कोळी.

पुढे काळा रंग पसरत जातो. प्रत्येक कातीनंतर पांढऱ्या रेघा अरुंद होतात, तुटतात, त्यांचे ठिपके होतात, मग ठिपकेही विरतात. डमरू मात्र उलटा प्रवास करतो: पांढरट, मग नारिंगी, मग लाल. शेवटच्या कातीनंतर मादी जवळपास पूर्ण काळी होते, क्वचित पाठीच्या शेवटी, जिथून सूत निघतं त्याच्या जरा वर, एखादा लाल ठिपका राहतो. तो लहानपणच्या नक्षीचा उरलेला तुकडा. काही माद्यांच्या कडेला मोठेपणीही एखादी पांढरी रेघ टिकून राहते. ती दिसली म्हणून जात वेगळी ठरत नाही. ती मादी नुकती वयात आलेली असेल, किंवा तिच्यात नक्षी जरा रेंगाळली असेल.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. करजणकडे मावसभावाचं शेत आहे. एका दिवाळीत त्याच्या पंपाच्या खोलीत, जुन्या पाइपांच्या मागे, राखाडी रंगाचं, पांढऱ्या रेघांचं एक इवलंसं कोळी-पिल्लू दिसलं. बसण्याची ढब मला ओळखीची वाटली, म्हणून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत काडी घालून त्याला घरी आणलं. तोंडाला मलमल, वर रबर. बायकोने बरणी बाल्कनीच्या बाहेरच्या कपाटात ठेवायच्या अटीवर परवानगी दिली. आठवड्याला एखादी माशी टाकायचो. पहिल्या कातीनंतर राखाडी रंग तपकिरीकडे झुकला आणि पांढऱ्या रेघा दोऱ्याएवढ्या उरल्या. दुसऱ्या कातीच्या सकाळी मी बघितलं तेव्हा बरणीत दोन कोळी! एक मेल्यासारखा लोंबकळतोय आणि दुसरा त्याच्याशेजारी, पाय अर्धपारदर्शक, अंग मऊ, दुधाळ. लोंबकळणारा म्हणजे टाकलेली कात होती, पायांच्या टोकांसकट अख्खी, हातमोजा उलटा काढावा तशी. संध्याकाळी शाळेतून आलो तोवर ‘दुसरा’ काळा पडला होता आणि पाठीवर नारिंगी पट्टा स्पष्ट उमटला होता. सकाळी काढलेला फोटो आणि संध्याकाळचा फोटो मी वर्गात दाखवला. एकाही मुलाने तो एकच कोळी म्हणून ओळखला नाही.

तुम्ही हे करू नका. मी चिमटा, काडी, काच यांच्याशी आयुष्यभर खेळलो आहे, तरी बायकोने ठेवलेल्या अटीबद्दल आज तिचे आभार मानतो.

मोठी झाल्यावर मग रंग बदलत नाही ना?

विडोची मादी वयात आल्यानंतर सहसा कात टाकत नाही, त्यामुळे नक्षी मुळातून बदलत नाही. दिसण्यात मात्र फरक पडतो. अंडी भरलेली असताना पोट टपोऱ्या मण्यासारखं गोल होतं, त्वचा ताणते, डमरू रुंद आणि मोठा वाटतो. अंडी घातल्यावर तेच पोट सुरकुतलेल्या मनुकेसारखं होतं आणि डमरू आखडलेला, कधी वेडावाकडा. दोन आठवड्यांच्या अंतराने काढलेले एकाच मादीचे फोटो लोकांनी दोन जाती म्हणून पाठवले आहेत. तपकिरी विडोच्या बाबतीत गडदपणाही फार कमी-जास्त असतो. कोणी फिक्या चहाच्या रंगाची, कोणी जवळजवळ काळी.

नर कसा ओळखायचा?

नर छोटा, मादीच्या निम्म्याहून लहानच. मादीचं अंग आठ ते तेरा मिलिमीटर, नर तीन ते सहा. तो कमी वेळा कात टाकून वयात येतो, म्हणून लहानपणची पट्टेदार नक्षी त्याच्या अंगावर आयुष्यभर राहते. पिल्लू आणि नर यांत फरक करायचा असेल तर तोंडाजवळचे दोन आखूड, पायांसारखे अवयव बघा. वयात आलेल्या नराचे ते टोकाला फुगलेले असतात, मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यांसारखे. माणसाला त्याच्यापासून काही भीती नाही.

आमच्या जिन्यात लाल-तपकिरी, गोल पोटाचा कोळी आहे, जाळंही विस्कटलेलं. तो कोण?

जवळजवळ नक्की नेस्टिकोडिस रुफिपीस. बडोद्याच्या घराघरात हा असतो, विशेषतः जुन्या वाड्यांच्या जिन्यांत, मीटरच्या डब्यामागे, देवघराच्या कोपऱ्यात. तो विडोचा जवळचा नातलग आहे, एकाच कुळातला, म्हणून जाळं आणि लटकण्याची ढब तशीच. पण अंग बारीक, रंग विटकरी, तुकतुकी नाही, आणि पोटाखाली डमरू नाही. भीती बाळगण्यासारखं त्यात काही नाही.

बाकी नेहमीचे संशयित असे. बाथरूमच्या कोपऱ्यात लांबलचक, केसाएवढ्या पायांवर झुलणारा, हात लावला की थरथरणारा तो क्रॉसोप्रायझा किंवा त्याचे भाऊबंद, निरुपद्रवी. रात्री भिंतीवर तळहाताएवढा सपाट कोळी, मादी असेल तर पोटाखाली पांढरी चकती धरून फिरणारी, तो हेटेरोपोडा. झुरळं खातो, त्याचे उपकार माना. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, मान वळवून बघणारा, उड्या मारणारा तो प्लेक्सिपस. हा सगळ्यांत गोड. आणि बागेत झाडांमधल्या मोठ्या चाकासारख्या जाळ्यात बसलेला, पांढऱ्या नागमोडी रेघांची सही करणारा तो अर्जिओपी. चाकासारखं सुबक, गोल जाळं दिसलं की विडोचा विषय तिथेच संपतो.

जाळ्यावरून ओळखता येतं का?

पुष्कळ येतं. विडोचं जाळं म्हणजे शिवणाच्या टोपलीत मांजराने घातलेला गोंधळ. ना केंद्र, ना चक्र. पण धागा कमालीचा चिवट. काडी घालून ओढला तर ताणतो आणि तुटताना तट तट असा आवाज येतो. घरातल्या जळमटांना हा आवाज नसतो. जाळं जमिनीजवळ असतं: दगडाच्या फटीत, विटांच्या ढिगात, पंपाच्या झाकणाखाली, उपड्या कुंडीत.

खालच्या बाजूला जमिनीपर्यंत ताणलेले उभे धागे असतात आणि त्यांच्या पायथ्याला चिकट थेंब. मुंगी किंवा भुंगेरा चालता चालता त्या थेंबाला लागला की धागा पायथ्याशी सुटतो आणि भक्ष्य उचललं जातं, विहिरीच्या रहाटावर बादली वर यावी तसं. मग मादी येते आणि मागच्या पायांनी त्याच्यावर चिकट सूत फेकते. त्या चौथ्या पायाच्या टोकाला बारीक दातेरी केसांची फणीच असते. फणीपायाचे कोळी हे या कुळाचं नाव त्यावरूनच पडलं.

तपकिरी विडोची सोपी खूण कोणती?

संक्रांत. थट्टा नाही. तपकिरी विडोची अंडपिशवी पाहिलीत की तुम्हाला संक्रांतीचा काटेरी हलवाच आठवेल: पांढरट-पिवळसर, गोल, सेंटिमीटरभर, सगळीकडून बारीक टोकं निघालेली. पुण्याला बहिणीच्या बाल्कनीत प्लास्टिकच्या खुर्चीखाली असे चार दाणे ओळीने टांगलेले दिसले आणि मला खरंच क्षणभर वाटलं, नातवाने हलवा चिकटवला. शेजारीच तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची, कड्यांच्या पायांची मादी बसली होती. डमरू होता, पण लाल नाही, पिकलेल्या संत्र्याच्या सालीसारखा.

काळ्या विडोंच्या पिशव्यांना काटे नसतात. त्या गुळगुळीत, कागदी आवरणाच्या, गोल किंवा तळाशी फुगीर. हलव्याऐवजी साखरफुटाणा म्हणा. कोळी पळाला, मेला, फोटोत आला नाही तरी पिशवी जागेवर राहते, म्हणून ओळख पटवायला मला ती डमरूपेक्षा जास्त भरवशाची वाटते. पिशवीत शंभर-दोनशे किंवा त्याहून जास्त अंडी असतात. पिल्लं बाहेर पडल्यावर एकमेकांना खातात, उरलेली धाग्याच्या आधाराने वाऱ्यावर उडून जातात. तेव्हा ‘एक पिशवी म्हणजे घरात दोनशे कोळी’ हा हिशेब करत बसू नका.

लाल रंग कशासाठी?

‘मला खाऊ नका’ अशी पाटी आहे ती, आणि पाटी वाचणारे पक्षी. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी कोळ्यांच्या प्रतिकृती करून पक्ष्यांच्या दाण्यांजवळ ठेवल्या. लाल खूण असलेल्यांना पक्ष्यांनी जास्त टाळलं. त्याच संशोधनात दुसरा मुद्दाही पुढे आला: कीटकांना लाल रंग पक्ष्यांइतका ठळक दिसत नाही. म्हणजे शत्रूला इशारा पोहोचतो आणि भक्ष्याला चाहूल लागत नाही. पोट आभाळाकडे करून लटकण्याचा अर्थही इथे लागतो. पाटी वरून येणाऱ्याला दिसेल अशीच लावलेली आहे.

मादी नराला खाते म्हणून विधवा ना?

ऑस्ट्रेलियन रेडबॅकमध्ये हे बऱ्याचदा होतं. तिथे नर मीलनाच्या वेळी कोलांटी मारून स्वतःच मादीच्या तोंडाशी येतो. अमेरिकन काळ्या विडोंमध्ये निसर्गात ते क्वचितच दिसतं. बरणीत कोंडलेल्या जोडीत जास्त दिसलं, कारण नराला पळायला जागा नव्हती. नाव त्यावरून पडलं आणि चिकटलं. मला ‘काळी विधवा’ हे मराठी भाषांतर वापरवत नाही. आमच्या आजीने तरुणपणापासून अलवण नेसून घर सांभाळलं, तिच्यावरून विषारी किड्याचं नाव ठेवायचं? कोळीण म्हणावं तर डोळ्यांपुढे पापलेटाची टोपली येते. म्हणून मी मुकाट्याने ‘विडो’ लिहितो.

मावशींच्या ओठावर फोड आले, सगळे म्हणतात कोळी मुतला. हा विडो का?

नाही. कोळी असा मुतून फोड आणत नाही. ओठाजवळचे पुंजक्याने आलेले फोड बहुतेक वेळा नागिणीच्या जातीतल्या विषाणूचे असतात. पावसाळ्यात मानेवर, गालावर रेघ ओढल्यासारखी आग होऊन फोड येतात ते बहुधा पिडेरस नावाच्या बारीक, काळ्या-नारिंगी भुंगेऱ्याचे. तो अंगावर चिरडला की त्याचा रस कातडी भाजतो. रात्री दिव्यापाशी येतो; अंगावर बसला तर फुंकरीने उडवा, चोळू नका.

बडोद्यात याच्या जोडीला आणखी एक गोंधळ आहे. गुजरातीत करोळियो म्हणजे कोळी आणि ‘करोळिया’ म्हणजे कातडीवर येणारे पांढरट चट्टेसुद्धा. शेजारच्या बेन म्हणाल्या, "छोकराने करोळिया थया छे," आणि आमच्या एका मराठी वहिनींनी त्या मुलाला थेट इस्पितळात न्यायची तयारी केली. ते चट्टे बुरशीचे होते. कोळ्याचा संबंध फक्त शब्दकोशापुरता.

खरंच विडो चावला तर काय होतं?

चावल्याची जागा कधी कधी नुसती टोचल्यासारखी असते, दोन बारीक ठिपके, थोडी लाली. खरी लक्षणं नंतर, बहुधा तासाभरात सुरू होतात: दुखणं चावल्या जागेपासून पसरत जातं, स्नायू गोळा होतात, पोट लाकडासारखं कडक होतं, दरदरून घाम येतो, मळमळ, रक्तदाब वाढतो, अस्वस्थपणा. याचं कारण विषातलं अल्फा-लॅट्रोटॉक्सिन. ते मज्जातंतूंच्या टोकांतली संदेशवाहक रसायनं एकदम ओतायला लावतं. मृत्यू फार क्वचित होतो, पण लहान मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बाई किंवा हृदयविकाराचा रुग्ण असेल तर वाट पाहायची नाही.

काय करायचं: जागा साबण-पाण्याने धुवा, कापडात गुंडाळलेला बर्फ लावा, अंगठी-बांगडी काढा, माणसाला शांत ठेवा आणि दवाखाना गाठा. गाडी नसेल तर १०८. चिरा मारणं, तोंडाने ओढणं, दोरीने आवळून बांधणं, चुना-तंबाखू थापणं, यातलं काहीही नको.

एक गोष्ट ठासून सांगतो, कारण खेड्यांत हा आग्रह होतो: ‘सापाची लस द्या’. आपल्याकडची सर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांसाठी बनते. कोळ्याच्या विषावर तिचा उपयोग नाही, उलट तिची स्वतःची प्रतिक्रिया येऊ शकते. विडोसाठी वेगळी लस असते. ऑस्ट्रेलियात रेडबॅकची लस १९५६ पासून आहे. इथे डॉक्टर वेदनाशामक, स्नायू सैल करणारी औषधं देऊन आणि रक्तदाबावर लक्ष ठेवून उपचार करतात, आणि बहुतेक रुग्ण काही दिवसांत बरे होतात. कोळ्याचा फोटो किंवा मेलेला कोळी डबीत असेल तर सोबत न्या, पण तो शोधण्यात वेळ घालवू नका.

चावायला तो अंगावर येतो का?

नाही. कातडी आणि कापड, किंवा कातडी आणि वीट यांमध्ये तो दाबला गेला की चावतो. अमेरिकेत एके काळी बाहेरच्या लाकडी संडासांच्या बैठकीखाली या माद्या जाळी करायच्या आणि चावे कुठे बसायचे ते मी लिहीत नाही. आपल्याकडे काळजी घ्यायच्या जागा वेगळ्या: उन्हाळ्यानंतर ठेवलेला कूलर, शेतातले बूट आणि हातमोजे, सरपणाचा ढीग, अंगणात उपड्या ठेवलेल्या कुंड्या, कपाशीची खालची पानं. बूट घालण्याआधी उलटा आपटा. ढीग हलवताना जाड मोजे. बाकी फवारणी वगैरेचा फारसा उपयोग नाही. जळमटं आणि अडगळ काढली की कोळ्याचं खाणंही जातं आणि लपायची जागाही.

फोटो कसा पाठवायचा?

लांबून झूम केलेला, हललेला, फ्लॅशमध्ये पांढरा पडलेला फोटो पाठवून ‘लवकर सांगा’ लिहू नका. रात्री टॉर्चच्या उजेडात जाळ्यात लटकलेला असताना काढा, तेव्हा पोट आपोआप दिसतं. दोन फोटो कोळ्याचे, वरून आणि बाजूने. एक जाळ्याचा, आजूबाजूची जागा दिसेल असा. अंडपिशवी असेल तर तिचा वेगळा. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवता आलं तर उत्तम, नाही आलं तर नको. नाण्यासाठी बोट जाळ्यात घालणारे महाभाग मला भेटले आहेत. कोळी उलटा करायचा मोह झालाच तर वर काचेचा ग्लास उपडा ठेवा, खालून पुठ्ठा सरकवा आणि ग्लासच उलटून बघा.

मेलेला कोळी स्पिरिटमध्ये ठेवून तुमच्याकडे आणून दिला तर चालेल का?

चालेल, पण आधी फोटो काढा. स्पिरिटमध्ये काळा रंग टिकतो, लाल टिकत नाही. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत मीच भरलेली एक बाटली होती. लेबलवर माझ्याच अक्षरात ‘लाल खूण स्पष्ट’ असं लिहिलेलं, आणि आत ताकाच्या निवळीच्या रंगाचा डमरू. निवृत्तीच्या दिवशी तास घेतला तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर करून विचारलं, "सर, लेबल चुकलंय का?"